रायगडाला 'द' लागत नाही

मराठीत नसलेल्या तीन शब्दांवर माझी अख्खी नोकरी गेली, आणि आज पेन्शन खाते तीही त्यांच्याच जिवावर. अ, ॲन आणि द. या अंकाच्या संपादकांचा फोन आला, "बाई, पोलादपूरच्या डोंगरात इतकी वर्षं इंग्रजी शिकवलंत, काहीतरी हृदयस्पर्शी लिहा." मी म्हटलं, अहो, इंग्रजीच्या तासाला कुणाच्या हृदयाला स्पर्श होतो? पोटात गोळा येतो, तेवढाच. तरी लिहायला बसले आहे. नाही रुचलं तर पान उलटा, पुढे राशिभविष्य असेलच.

मी महाडची. रोज सकाळी एसटीने पोलादपूर, तिथून सहा सीटरमध्ये दहा जणांत अकरावी होऊन उमरठच्या बाजूला आमची शाळा. पोरं वरच्या वाड्यांतली. बाप मुंबईत, आई शेतावर, आणि इंग्रजी फक्त साबणाच्या वेष्टनावर. त्यांना मी सांगायचे, इंग्रजीत नाम एकटंदुकटं बाहेर पडत नाही, पुढे कुणीतरी लागतं. पोरं म्हणायची, "का?" मराठीत 'कुत्रा आला' म्हटलं की कुत्रा येतो. इंग्रजीत आधी ठरवायचं, कुठलातरी आला की तोच आला. पोरांचं म्हणणं, चावल्यावर दोन्ही सारखंच. व्याकरणाचं पुस्तक यावर गप्प आहे.

मग मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "वाडीत अनोळखी माणूस आला तर काय करता?"

"इचारतो, कुणाचा रे तू?"

"आणि कळलं, की हा पलीकडच्या काकूंचा जावई, मग?"

"मग काय, पाणी देतो. आपलाच तो."

"झालं तर. विचारपूस होईपर्यंत तो 'अ'. ओळख पटली की 'द'. गोष्टीत माणूस पहिल्यांदा आला की 'अ', दुसऱ्यांदा आला की 'द'."

हे पोरांना पटकन पटलं. 'ॲन'चीही तीच तऱ्हा. दोन स्वर शेजारी आले की जिभेवर धक्काबुक्की होते, अ ॲपल म्हणून बघा. मी सांगायचे, दोन जावा शेजारी बसल्या की भांडतात, मध्ये सासू बसवायची. ती सासू म्हणजे 'न'. मुली खिदळायच्या, पण विसरायच्या नाहीत. आणि 'अवर'मधला एच? तो घरजावई. दारावर पाटी आहे, घरात आवाज नाही. म्हणून डोळ्यांनी बघून लावू नका, कानाला विचारा.

पण एक चूक मी फक्त आमच्याच पोरांची पाहिली. 'माझे गाव' या निबंधात पहिल्याच ओळीपासून सगळीकडे 'द'. देअर इज द शॉप. देअर इज द वेल. देअर इज द बस. मी लाल पेनाने वह्या रंगवल्या, कान उपटले, तरी तेच. शेवटी एक जण उभा राहिला. म्हणाला, "बाई, पन हायच येक. दुकान येक, हीर येक, एसटी बी येकच. 'अ' लिवलं तर लोक म्हनतील दुसरी कुटं हाय?"

घ्या, कपाळ! मी म्हटलं, "अरे बाबा, पेपर तपासणारा असेल तिकडे लातूर-नांदेडचा. त्याला कुठे तुझं दुकान ठाऊक आहे? त्याला आधी ओळख करून दे, मग मिरव." तेव्हापासून वर्गात लातूरचा तो बिचारा मास्तर आमचा कायमचा पाहुणा झाला. कुणी चुकलं की पोरंच ओरडायची, "ए, लातूरवाल्याला म्हाईत नाय!"

आमच्याकडे 'द' समजावायला सर्वांत सोपा शब्द म्हणजे मान. कोकणातल्या माणसाला जेवायला नसलं तरी चालतं, मान चुकलेला चालत नाही. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी निघते, तेव्हा पहिली आरती कुणाची, खांदा कुणाचा, नारळ कुणाचा, सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. मी सांगायचे, जगात जो एकच आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे त्याला इंग्रजीत 'द'चा मान. द सन, द मून. नद्यांना मान, द सावित्री. डोंगरांच्या रांगेला मान. पोरं माना डोलवत होती. तेवढ्यात मी बोलून गेले, की एकट्या डोंगराला किंवा किल्ल्याच्या नावाला 'द' लागत नाही. म्हणजे नुसतं रायगड.

वर्ग उठला हो! "बाई, ह्ये चालायचं नाय!" "सावित्रीला मान आनि रायगडाला नाय?" मागच्या बाकावरचा एक तर दप्तर आवरायला लागला. खरं कारण एवढंच, की इंग्रजांची तशी पद्धत पडली. पण ते सांगितलं असतं तर त्या दिवशी शाळेवर मोर्चा आला असता. मी टेबलावर डस्टर आपटलं. म्हटलं, "अरे गाढवांनो, ज्याचं नुसतं नाव घेतलं की माणूस उठून उभा राहतो, त्याला वर आणखी मान लावायचा कशाला? ज्याला लागतो त्याला लावतात. रायगडाला 'द' लागत नाही!"

वर्ग खाली बसला. हे कारण कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, मी ते जागच्या जागी ठोकून दिलं होतं. पण त्यानंतर एकाही पोराने ती चूक केली नाही, आणि मला ते अजूनही माझं सर्वांत चांगलं वाक्य वाटतं.

शाळेबाहेरही गिऱ्हाइकं असायची. कशेडी घाटाच्या अलीकडे एका शेठचं खानावळवजा हॉटेल होतं. पाटी रंगवायची म्हणून मला विचारायला आले, आणि नुसतं 'द हॉटेल' एवढंच नाव ठेवून गेले. कारण म्हणे घाटात तेच एक. दोन वर्षांनी समोरच दुसरं उघडलं. मी मुद्दाम चहाला उतरले आणि म्हटलं, "शेठ, आता 'द' पुसा." शेठनी समोर हात केला. "तो आला पाठून, तो 'अ'. मी हाय तो हायच." ओळखीचा नियम इतका पक्का शिकलेला विद्यार्थी मला वर्गात मिळाला नाही.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण एका शिमग्यात याच 'द'वर एका मुलीचं वर्ष अडकलं, ते सांगते.

सायली वरच्या वाडीतली. शाळेपासून वर तासाभराची चढण. अभ्यासात बरी, इंग्रजीत कच्ची, पण जिद्दीला तोड नाही. दहावीच्या वर्षी तिला कावीळ झाली आणि परीक्षा बुडली. महाडच्या दवाखान्यात नर्सबाया तिची उठबस करायच्या. त्यांच्याकडे बघून पोरीने ठरवलं, आपण नर्सच व्हायचं. घरी आल्यावर पुन्हा बसली. बाप मुंबईला कारखान्यात. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, यंदा पास होऊन सुटली तर शीक, नाहीतर मे महिन्यात मुंबईला मावशीकडे, शिवणाच्या कारखान्यात. वाईट माणूस नव्हता. थकला होता, एवढंच.

इंग्रजीचा पेपर दोन दिवसांवर आला आणि सायली उजळणीला आली नाही. बरोबरची मुलगी म्हणाली, "ती पेपरला येनार नाय, बाई. त्याच दिवशी त्यांच्या वाडीत पालखी हाय."

माझं डोकं फिरलं. पेपरच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तशीच चढण चढले. सायलीची आई सुलोचना, तिला सगळे सुलू म्हणतात, ती अंगण सारवत होती. मी दम घ्यायच्या आधीच सुरू झाले. "सुलू, हे काय ऐकते मी?"

तिने शांतपणे हात धुतले, मला पाणी दिलं, आणि सांगितलं. लेक दवाखान्यात डोळे पिवळे करून पडली होती तेव्हा तिने देवीला नवस बोलला होता. पोर वाचू दे, येत्या शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा ती आपल्या हाताने ओटी भरेल. पोर वाचली. आता पालखी येणार होती.

"अगं, भरू दे की. सकाळी भरेल आणि येईल."

"कशी भरंल? पालखी उन्हं वर आल्यावर सहाणेवरनं उठते." सहाण म्हणजे पालखी बसते तो चौथरा. "पहिली आरती धोंडूबाबांच्या अंगणात. मग घरामागून घर. आमचं घर टोकाला, दुपार होते बाई."

"मग पुढच्या वर्षी भरेल."

सुलू माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाई, तुमचं बोर्ड जुलैत परत पेपर घेतं. देवी घेते काय पुरवणी परीक्षा?"

जुलैचं म्हणाल तर तोवर पोर मुंबईला गेलेली असणार. 'तात्पुरती' म्हणून मुंबईला गेलेल्या मुली मी पुष्कळ पाहिल्या होत्या, एकही पुस्तकाकडे परतली नव्हती. पण सुलूला मूर्ख म्हणायची माझी छाती झाली नाही. दवाखान्यात रात्री बाकड्यावर ती बसली होती, मी नव्हते. दारात सायली उभी होती. रडत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि ते मला सहन होईना.

"चल," मी म्हटलं, "धोंडूबाबांकडे."

धोंडूबाबा वाडीचे मानकरी. सत्तरी ओलांडलेले, ताठ, पांढरी टोपी. ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाबा, यंदा एक वर्ष पालखी आधी सायलीकडे जाऊ दे. पहिली आरती तिथे होऊ दे."

"नाय व्हायचं, बाई."

"एकच वर्ष."

"माज्या आज्यापास्नं पहिली आरती आमच्या घरची. मान येकदा सोडला की परत येत नाय. आज पोरीसाठी सोडला, उद्या कोन मुंबईवाला म्हनंल माजी गाडी चुकते, आधी माज्याकडं आना. मग पालखी नाचवायची का येळापत्रक बघायचं?"

बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. माझी जीभ मुळातच तिखट. म्हटलं, "ठेवा मग मान उराशी धरून. पोरीचं वर्ष गेलं तरी तुमची आरती पहिली!" सुलूने पदर तोंडाला लावला. मानकऱ्याशी असं कुणी बोलत नाही, मला ते बोलल्यावर कळलं.

तेवढ्यात सायली बोलली. इतका वेळ खांबाला टेकून होती.

"बाबा, बाई शाळेत काय शिकवतात सांगू? इंग्रजीत ज्याला मान त्याला 'द' लावतात. सूर्याला लावतात, चंद्राला लावतात. आपल्या सावित्रीला पन लावतात."

"बरं मग?"

"रायगडाला लावत नाय."

बाबांचा अडकित्ता थांबला. "का? रायगडाला का नाय?"

"त्याचं नुसतं नाव पुरतं म्हनून. मान लावला काय, नाय लावला काय, रायगड तो रायगडच."

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "सांज झाली. तुमची गाडी गेली आसंल. सुलूकडं ऱ्हावा." मी मनात म्हटलं, संपलं. माझंच वाक्य पोरीने मानकऱ्याच्या तोंडावर फेकलं, आता हा कसला ऐकतोय!

सकाळी पालखीपुढच्या ढोल-सनईचा, खालुबाजाचा आवाज आला तेव्हा मी सुलूच्या अंगणात दात घासत होते. नेहमीपेक्षा फार लवकर. वर बघते तर धोंडूबाबांचं अख्खं घर आमच्या दिशेने येत होतं. पुढे थोरली सून आरतीचं ताट घेऊन, मागे मुलगे, नातवंडं, आणि मध्ये कोऱ्या धोतरात बाबा. अंगणात येऊन ते उभे राहिले, जणू काही रोजच इथे उभे राहतात.

"बाबा, हे काय?" सुलू घाबरूनच गेली.

"काय म्हंजी? पहिली आरती करायला आलाव. पालखी येतेय मागनं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मान माजाच हाय बरं का, बाई. तो मी सोडला नाय. अंगन तेवढं पोरीचं."

मी तोंडातला फेस तसाच ठेवून हात जोडले. काय डोकं म्हणायचं! मानही जागेवर, पोरही मोकळी. पालखी नाचत आली, बाबांच्या सुनेने पहिली आरती केली, आणि लगेच सायलीने ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. सुलूने देवीपुढे डोकं टेकलं, उठली, आणि लेकीच्या पाठीत धपाटा घातला. "चल, सूट आता!"

आम्ही उतरणीला लागलो. मी पन्नाशी उलटलेली, पायात चप्पल घसरती, पुढे सायली हरणासारखी, आणि मी मागून ओरडतेय, "ॲनच्या आधी कानाला विचार गो!" सहा सीटरवाला आमची वाट बघत थांबला होता. बाबांनी पहाटेच निरोप धाडला होता म्हणे. केंद्रावर पोचलो तेव्हा गेट उघडं होतं. पर्यवेक्षकांनी तिच्या कपाळावरच्या गुलालाकडे बघून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "सर, शिमगा आहे." ते म्हणाले, "जा."

सायली सुटली. इंग्रजीत काही फार मोठे गुण नाहीत, पण सुटली. पुढे नर्सिंग केलं. आता महाडला दवाखान्यात आहे. मी रक्तदाब तपासायला गेले की मला दटावते, "बाई, मीठ कमी करा सांगितलंय ना?" माझीच जीभ उचलली आहे तिने, तक्रार कुणाकडे करू?

वाडीत मात्र त्या वर्षापासून पायंडाच पडला. पालखीच्या दिवशी ज्या घरच्या पोराचा पेपर असेल, त्या अंगणात धोंडूबाबा आपलं ताट घेऊन जातात आणि पहिली आरती तिथे होते. बाकीची घरंही कुरकुरत नाहीत. उलट, परीक्षेला बसणारं पोर आपल्या घरी असावं म्हणून आयाच पोरांच्या मागे लागतात.

एक गोष्ट मनाला लागते. पोरंच कमी झाली. मी निवृत्त झाले तेव्हा वर्गात दोन ओळी जेमतेम भरायच्या. बहुतेक घरांना शिमगा-गणपती सोडून कुलूप असतं. मला उगाच भीती वाटायची, की एखाद्या वर्षी बाबा ताट घेऊन निघतील आणि जायला अंगणच नसेल.

यंदा सुलूचा फोन आला. "बाई, पालखीला याच. आदल्या दिशीच या." मी गेले. गुडघे कुरकुरतात, पण चढले. वाडीत दहावीला कुणीच नाही, हे मला वाटेतच कळलं होतं. म्हटलं, चला, यंदा आरती बाबांच्या अंगणातच. पण सकाळी पाहते तर बाबा काठी टेकत, सून ताट घेऊन, थेट सुलूच्या अंगणात. सायलीही रजा काढून आली होती आणि तोंड दाबून हसत होती.

"अहो बाबा, इथे कोण बसलंय परीक्षेला?"

सुलू घरातून बाहेर आली. नवं लुगडं, आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं हॉल तिकीट. आठवीत शाळा सुटली होती तिची. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसली होती आणि लेक रोज संध्याकाळी फोनवर शिकवत होती. तारखाही अशा, की पालखीच्या दिवशी पुन्हा इंग्रजीचाच पेपर. मला कुणी पत्ता लागू दिला नव्हता. मी तिथल्या पायरीवर बसलेच.

"सुलू! आणि मला सांगितलं नाहीस?"

"भ्या वाटलं, बाई. तुमी कान उपटता." मग जवळ येऊन हळूच, "रायगडाचं ध्यानात हाय. पन त्या ॲनचा घोळ होतोय अजून."

"दोन जावा..."

"हां हां, मधी सासू! आलं ध्यानात."

पालखी आली, पहिली आरती झाली. सुलूने ओटी भरली, नमस्कार केला आणि पिशवी काखेत मारली. धोंडूबाबांना आता फारसं ऐकू येत नाही, पण जुनं, वाडीत कानोकानी फिरलेलंसुद्धा, सगळं आठवतं. त्यांनी काठीने तिला अडवलं.

"काय गो सुलू, तवा बाईंना म्हनाली व्हतीस, देवी पुरवणी परीक्षा घेत नाय म्हनून. आता घेतली का नाय?"

सुलू हसली, पदर खोचला आणि उतरणीला लागली.